मुक्या पाखराची साक्ष



ज्याला बोलता येत नाही त्याचे दुःख ओळखावे कसे, हा प्रश्न आपल्या खेड्यांतील माणसांस नवा नाही. तान्हे मूल रात्रभर किरकिरले तर सकाळी घरातील आजी प्रथम त्याचे दुपटे पाहते आणि पोट बिघडले आहे की काय याचा अंदाज बांधते. बैलाने वैरण टाकली तर जाणता शेतकरी त्याच्या तोंडाकडे जितके पाहतो तितकेच त्याच्या शेणाकडेही पाहतो. शरीरातून जे बाहेर टाकले जाते ते आतील बातमी घेऊन येते, हे शहाणपण फार जुने आहे. या बातमीत पोटाची प्रकृती तर कळतेच. परंतु जिवाला बसलेली धास्तीही त्यातून कळू शकते, हे मात्र गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी सिद्ध करून दाखविले आहे. आज या सदरात आम्ही त्याविषयी लिहावयाचे योजिले आहे, आणि उदाहरणादाखल आपल्या सर्वांच्या ओळखीचे पाखरू घेतले आहे. ते म्हणजे पोपट.

सिल्वासा आणि नगर हवेलीच्या मुलखात पोपट कोणी पाहिला नाही असे घर सापडणार नाही. दमणगंगेच्या काठची झाडी, खानवेलकडील डोंगर, आंब्यापेरूच्या बागा आणि ज्वारीची कणसे, सर्वत्र त्याचा संचार असतो. गळ्याभोवती काळी व गुलाबी कंठी ल्यालेला नर राघू तर लहान मूलही ओळखते. जांभळट डोक्याचा, अंगाने थोडा लहान असा दुसरा पोपटही रानाच्या कडेने थव्याने उडताना दिसतो. पीक कोवळे असताना शेतकरी या पाखरांस गोफण दाखवितो, आणि तोच शेतकरी संध्याकाळी ओसरीवर टांगलेल्या पिंजऱ्यातील पोपटाला हिरवी मिरची भरवितो, असे चित्र आपल्याकडे विरळ नाही.

ज्या घरी असा पिंजरा असतो त्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येते: “आमचा मिठू किती सुखात आहे पाहा, दिवसभर बोलत असतो.” त्या घरच्या मंडळींच्या मायेविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु बोलणे म्हणजे सुख, हे अनुमान कितपत खरे? पोपट हा थव्याने राहणारा पक्षी आहे. एकटा पडलेला पोपट भोवतालच्या माणसांनाच आपला थवा समजतो व त्यांचा आवाज उचलतो. त्याने उचललेला शब्द आपला असतो, त्याच्या मनातील नव्हे. तेव्हा त्याचे स्वतःचे म्हणणे ऐकावयाचे असेल तर दुसऱ्या साक्षीदाराला बोलाविणे भाग आहे. तो साक्षीदार पिंजऱ्याच्या तळाशी, रोज झाडून टाकल्या जाणाऱ्या कागदावर पडलेला असतो.

हे नीट समजण्यासाठी भय वाटले असता देहात काय घडते ते पाहू. समजा, पोपटाने ससाणा पाहिला. डोळ्यांनी पाहिलेले संकट मेंदूला कळते. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याहूनही लहान ग्रंथी रक्तात एक रासायनिक निरोप सोडते. तो निरोप मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाशी असलेल्या दोन चिमुकल्या ग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि त्या ग्रंथी आपला रस रक्तात ओततात. अशा रसांना शास्त्रात संप्रेरके किंवा हॉर्मोन म्हणतात. माणसात या कामी मुख्यतः कॉर्टिसॉल नावाचे हॉर्मोन असते आणि पक्ष्यांत त्याचेच भावंड, कॉर्टिकोस्टेरॉन. त्यायोगे साठविलेल्या अन्नातून साखर मोकळी होते, अंगात पळण्याची शक्ती येते, आणि पचन, वाढ, वीण ही तूर्त निकडीची नसलेली कामे बाजूस ठेवली जातात.

म्हणजे हे हॉर्मोन वैरी नव्हे, ते प्राणरक्षक आहे. गावात आग लागली असता देवळाची घंटा जोराने वाजवितात, लोक हातचे काम टाकून धावतात आणि आग विझते. तसेच हे होय. परंतु ती घंटा रात्रंदिवस वाजू लागली तर? शेत नांगरले जाणार नाही, चूल पेटणार नाही, मुलांना झोप लागणार नाही. देहाचीही तीच गत होते. भीतीची घंटा आठवडेच्या आठवडे वाजत राहिली तर रोगाशी झुंजण्याची शक्ती घटते, वजन उतरते, अंडी घालणे थांबते. म्हणून एखाद्या प्राण्याच्या देहात ही घंटा किती वाजत आहे हे मोजणे महत्त्वाचे ठरते.

मोजण्याचा सरळ मार्ग रक्ततपासणीचा. पण येथे एक विलक्षण अडचण उभी राहते. पाखराला पकडावयास हात पुढे केला की त्याच्या देहातील घंटा वाजू लागते. पकडल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत रक्त घेतले तरच पूर्वीची खरी स्थिती कळते. त्यानंतर घेतलेल्या रक्तात आपणच निर्माण केलेले भय मिसळलेले असते. रानात जाळे लावून पोपट पकडावयाचा आणि तीन मिनिटांत रक्त काढावयाचे, ही कसरत प्रत्येक वेळी कशी साधावी? शिवाय तेच पाखरू दर दोन दिवसांनी पुन्हा पकडावे तर दुःख मोजण्यासाठी दुःखच वाढविल्यासारखे होईल. जो प्रश्न विचारताना उत्तर देणाऱ्याला इजा होते, त्या प्रश्नाचे उत्तर विश्वसनीय राहत नाही.

यावर निघालेला उपाय साधा आहे. रक्तात सोडलेले हॉर्मोन कायमचे तेथे राहत नाही. यकृत त्याचे रूप पालटते, आणि त्याचे अवशेष पित्ताबरोबर आतड्यात व मूत्रपिंडांवाटे लघवीत उतरतात. पाखराला मळ आणि मूत्र यांसाठी निरनिराळी वाट नसते. पोपटाची शिट न्याहाळली तर मधला हिरवट भाग मळाचा, भोवतालचा चुनखडीसारखा पांढरा भाग मूत्रातील क्षारांचा आणि उरलेला ओलावा पाण्याचा, असे तीन भाग दिसतात. भयाचे अवशेष या सर्वांत मिसळून बाहेर येतात. त्यांना वेळ मात्र लागतो. गाईच्या शेणात ही बातमी उतरावयास दहा-बारा तास लागतात. पाखरांत सर्वसाधारणपणे काही तासच पुरतात. त्यामुळे पहाटेची शिट रात्रीची हकिकत सांगते, आणि एका क्षणाऐवजी काही तासांचा सरासरी हिशेब तिच्यात मांडलेला असतो. रक्त हे जणू क्षणाचे छायाचित्र. शिट ही रोजनिशी.

आता प्रयोगशाळेत काय करतात ते सांगतो. पिंजऱ्याखाली किंवा रात्रीच्या झोपेच्या झाडाखाली स्वच्छ कागद अंथरतात आणि ताजी शिट वेचून, त्यावर दिवस, वेळ व पाखराची खूण लिहून लागलीच बर्फासारख्या थंडीत ठेवतात. उशीर केल्यास विष्ठेतील सूक्ष्म जंतू त्या अवशेषांचे आणखी तुकडे करतात आणि हिशेब चुकतो. पुढे ती शिट वाळवून तिची पूड करतात, पूड तोलून मद्यार्कात घुसळतात, म्हणजे हॉर्मोनचे अवशेष मद्यार्कात उतरतात. कुलुपाला जशी ठरावीक किल्लीच बसते तशी त्या अवशेषांनाच चिकटणारी प्रतिद्रव्ये नावाची प्रथिने त्यात वापरतात, आणि शेवटी उमटणाऱ्या रंगाच्या गडद-फिकेपणावरून प्रमाण काढतात. उत्तर येते ते नॅनोग्रॅममध्ये. एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा हिस्सा. एवढ्या सूक्ष्म मापाने भय तोलले जाते, हे ऐकून कोणीही थक्क होईल.

या विद्येचा पाया घालणाऱ्यांत ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहराच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे एरिख म्योस्टल आणि रूपर्ट पाल्मे यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांनी गाई-मेंढ्यांच्या विष्ठेपासून आरंभ केला, ही गोष्ट आपल्या शेतकरी वाचकांस रुचेल. अमेरिकेत सॅम्युअल वॉसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली रानातील ठिपकेदार घुबडांवरील आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लाकूडतोडीच्या मोठ्या रस्त्यांजवळ किंवा नुकत्याच तोडलेल्या जंगलाजवळ राहणाऱ्या नर घुबडांच्या विष्ठेत भयाच्या हॉर्मोनचे अवशेष अधिक आढळले. ते घुबड ओरडले नव्हते, पळालेही नव्हते. पाहणाऱ्याला ते फांदीवर शांत बसलेलेच दिसले असते.

पोपटांविषयीचा दाखला इटलीतून मिळतो. आफ्रिकेतील करडा पोपट बोलण्यात फार वाकबगार, म्हणून जगभर पाळला जातो. बंदिवासात यांपैकी कित्येकांना आपलीच पिसे उपटण्याची खोड लागते; काही तर छाती उघडी पडेपर्यंत उपटतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका अभ्यासात पिसे उपटणाऱ्या आणि न उपटणाऱ्या पाळीव करड्या पोपटांच्या शिटा तपासून ताडून पाहण्यात आल्या. उपटणाऱ्यांच्या शिटांत भयाच्या हॉर्मोनचे अवशेष पुष्कळ अधिक निघाले. ज्याला आपण खोड म्हणत होतो ती देहाच्या आतील अस्वस्थतेशी जोडलेली आहे, असे त्यावरून दिसून आले.

आपल्या देशातही हे काम चालू आहे. हैदराबाद येथे संकटग्रस्त प्राण्यांच्या रक्षणासाठी लॅकोन्स नावाची प्रयोगशाळा आहे. तेथील डॉ. जी. उमापती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशातील कान्हा व बांधवगड येथील वाघांची विष्ठा गोळा करून तपासली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार पर्यटक येत असलेल्या महिन्यांत वाघांमधील ताण अधिक होता, आणि वाहनांच्या वर्दळीशी त्याचा संबंध होता. म्हैसूरच्या दसऱ्यातील हत्तींची लीदही याच प्रयोगशाळेने तपासली आहे. २०१७ साली भारतातील सहा प्राणिसंग्रहालयांतील ४१ वाघ आणि २१ बिबटे यांच्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ऐसपैस जागा, पाण्याचे डबके, झाडे व दगड यांनी युक्त असे आवार, आणि राखणदाराची प्राण्यांविषयीची वृत्ती, या गोष्टींना जनावराच्या स्वास्थ्यात मोठे स्थान आहे, असे त्यातून दिसले. राखणदाराच्या स्वभावाचा ठसा वाघाच्या अंतर्यामी उमटतो, ही गोष्ट ज्यांच्या घरी गुरे, कुत्री वा कोंबड्या आहेत त्या सर्वांनी ध्यानात धरण्याजोगी आहे.

तथापि या विद्येविषयी एक सावधगिरीचा शब्द सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. एका शिटेचा एक आकडा पाहून “हे पाखरू दुःखी” असा निवाडा देता येत नाही. विणीचा हंगाम, पिसे गळण्याचा काळ, दिवसाची वेळ, खाण्यातील बदल, या सर्वांमुळे आकडा वरखाली होतो. नर आणि मादी यांचे आकडेही सारखे नसतात. म्हणून जाणकार मंडळी एकाच पाखराच्या अनेक दिवसांच्या शिटा जमवून त्याची त्याच्याशीच तुलना करतात. तसेच प्रत्येक जातीसाठी प्रथम कसोटी घ्यावी लागते: ताण खरोखर वाढला असता त्या जातीच्या शिटेतील आकडाही वाढतो किंवा नाही, हे सिद्ध झाल्यावाचून पुढचे मोजमाप ग्राह्य धरीत नाहीत.

याहूनही गंभीर बाब अशी की, आकडा कमी आला म्हणजे सर्व कुशल आहे असेही नव्हे. अमेरिकेत चकोर पक्ष्यांना पकडून, कोंडून नव्या ठिकाणी सोडताना त्यांच्या रक्तातील हॉर्मोन मोजण्यात आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की, पकडल्यानंतरच्या काळात त्या पाखरांच्या देहाची संकटाला उत्तर देण्याची शक्तीच मंदावली होती. घंटा इतकी वाजली की दोरी झिजली. पिंजऱ्यात निमूट बसलेल्या पोपटाकडे पाहून “आता माणसाळला” असे आपण म्हणतो, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

आता आपल्या मुलखाकडे वळू. पिपरिया, मसाट, खडोली या बाजूंस कारखाने उभे राहिले आणि सिल्वाशाची रात्र उजळून निघाली. त्या कारखान्यांनी हजारो घरांत भाकरी आणली, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या बाजूस २००० साली घोषित झालेले सुमारे ९२ चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे. सिल्वाशाजवळ वासोणा येथे सिंहांसाठी कुंपण घातलेले उद्यान उभारण्यात आले. समजा, रस्त्याच्या दिव्यांखाली व मालमोटारींच्या आवाजात रात्र काढणारा पोपटांचा थवा एक, आणि खानवेलच्या डोंगरात अंधारात निजणारा थवा दुसरा. दोन्ही झाडांखाली पहाटे कागद अंथरले, तर एकाही पाखराला हात न लावता दोन्ही थव्यांची रात्र कशी गेली हे ताडून पाहता येईल. महाविद्यालयात विज्ञान शिकणाऱ्या आमच्या तरुण वाचकांपुढे आम्ही हा विचार ठेवतो. त्यासाठी प्रयोगशाळेचे साह्य लागेल, परंतु पहिली पायरी डोळे उघडे ठेवण्याची आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

राहता राहिला ओसरीवरचा पिंजरा. येथे कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्या देशी पोपटांस पकडणे, विकणे, विकत घेणे अथवा पिंजऱ्यात बाळगणे हा शिक्षापात्र अपराध आहे. बाजारात जी पिले चोरून विकली जातात ती बहुधा झाडांच्या ढोलीतून डोळे उघडण्याच्या सुमारास काढलेली असतात, आणि टोपलीत कोंबून नेताना कित्येक वाटेतच मरतात. विकत घेणारा दयाळू असला तरी त्याचा पैसा पुढच्या ढोलीत हात घालावयास लावतो. तेव्हा “आम्ही नाही घेतले तर दुसरे कोणी घेईल” ही सबब पुढे करू नये.

मग ज्यांच्या घरी कित्येक वर्षांचा पोपट आहे त्यांनी काय करावे? पिंजऱ्याचे दार उघडून त्याला उडवून देणे हा उपाय नव्हे. लहानपणापासून माणसांच्या हातचे खाल्लेल्या पाखराला रानात अन्न शोधता येत नाही, मांजर व ससाणा ओळखता येत नाही. बहुधा त्याचा लवकरच अंत होतो. वन खात्याच्या कार्यालयात जाऊन मोकळेपणाने हकिकत सांगावी आणि पाखरू त्यांच्या स्वाधीन करावे, हा योग्य मार्ग होय. मुलांना वाईट वाटेल, आजीच्या डोळ्यांत पाणी येईल, हे आम्ही जाणतो. परंतु माया ज्याच्यावर केली त्याच्या भल्यासाठी थोडे सोसणे, हाच मायेचा कस आहे.

परदेशी जातींची पाखरे बाळगण्याचे नियम निराळे आहेत. त्यांची चौकशीही वन खात्यातच करावी. अशी पाखरे ज्यांच्याकडे असतील त्यांनी रोज सकाळी पिंजऱ्याखालील कागद पाहण्याची सवय लावून घ्यावी. हॉर्मोन मोजण्याचे यंत्र आपल्या घरी नसते, पण शिट अकस्मात पातळ झाली, रंग पालटला, पाखराने पिसे उपटावयास घेतली, एकाच जागी डोलत राहिले अथवा खाणे टाकले, तर काहीतरी बिनसले आहे हे निश्चित समजावे व पशुवैद्याकडे जावे. मांजर पिंजऱ्याखाली बसते काय, रेडिओ वा दूरदर्शन त्याच्या कानाशी वाजतो काय, रात्री दिवा त्याच्या डोळ्यांवर येतो काय, हेही पाहावे. एक ताकीद मात्र सर्वांसाठी: वाळलेली शिट झाडूने उडवू नये आणि हाताने चुरगाळू नये. पोपटांच्या शिटेच्या धुळीतून माणसाला फुप्फुसाचा एक ज्वर जडू शकतो. कागद ओला करून गुंडाळावा, टाकावा आणि हात साबणाने धुवावेत. हे काम लहान मुलांवर सोपवू नये.

शास्त्रज्ञांच्या या खटाटोपाकडे पाहून कोणी हसेल व म्हणेल, विष्ठा चिवडण्यात कसली विद्या? आम्हांस मात्र यात एक सभ्यता दिसते. दुसऱ्याचे दुःख जाणून घ्यावे, पण जाणून घेताना त्यात भर घालू नये, ही ती सभ्यता होय. नवी सून घरात गप्प गप्प असते, म्हातारा सासरा दोन घास कमी खातो, शाळेतून आलेला मुलगा दप्तर कोपऱ्यात टाकून पडून राहतो. अशा वेळी त्यांना दरडावून विचारले तर तेही हाती सापडलेल्या पाखरासारखे आणखी भितात, आणि खरे उत्तर मिळत नाही. ताटात काय उरले, अंथरूण रात्री किती वेळा चाळवले, हे जो मुकाट्याने पाहतो त्याला न विचारताही पुष्कळ कळते. रानातील घुबडाकडे आणि पिंजऱ्यातील पोपटाकडे ज्या धीराने आज पाहिले जात आहे, तो धीर आपल्या घरांतही नांदो, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे.